जपानला नेताय ना पोराला, मग ‘बाबा’चं आधी बघा

कुडाळच्या ज्या भावाने विचारलंय की नागोयाजवळ कंपनीत काम मिळालंय, बायको आणि सहा वर्षांचा मुलगा बरोबर न्यायचाय, भाषेचं कसं होतं, शाळेचं कसं होतं आणि एकटं वाटतं का, त्यांच्यासाठी लिहितोय. मी अकरा वर्षं योकोहामात आहे, सध्या देवगडला घरी आलोय, पाच दिवसांचा गणपती जाऊन दोन दिवस झाले, लाईट गेलीय, पडवीत बसून मोबाईलवर टाईप करतोय. दोन ओळी लिहून सोडणार होतो पण तुमच्या मुलाचं वय वाचलं आणि झोप उडाली.

व्हिसा, विमा, १४ दिवसांत पत्ता नोंदवा वगैरे कंपनी सांगेल, ते सोडतो. कोणी सांगत नाही ते नावाचं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव असतं आणि तिकडच्या फॉर्मवर खाने दोनच, आडनाव आणि नाव. वर ते काताकाना लिपीत लिहायचं, त्यात ‘आ’ लांब की आखूड हे एका आडव्या रेघेवर ठरतं. माझ्या बँकेच्या खात्यावर ती रेघ होती, ऑफिसच्या कागदावर नव्हती, पहिला पगार परत गेला! एका रेघेसाठी तीन खेपा, आणि प्रत्येक वेळी समोरचा इतका वाकून माफी मागतो की भांडतापण येत नाही. दाताच्या डॉक्टरकडे तर अजून मला वडिलांच्या नावानेच हाक मारतात, कारण यादीत ते शेवटी येतं. आधी दुरुस्त करायचो, आता गपचूप उठून आत जातो.

भाषेचं लोक उगाच घाबरवतात. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. वाक्याच्या शेवटी ‘का’ लावलं की प्रश्न, तेही आपल्यासारखंच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं ही तर मालवणीची मावसबहीण निघाली. तसलं काही नाही, दोघींचं काही नातं नाही, माणसाच्या तोंडातून आवाज निघून निघून किती निघणार, कुठेतरी जुळतातच. आणि जुळतात तिथेच फसायला होतं. मी मासळीच्या दुकानात जाऊन ‘मुशी’ विचारली, बाई घाबरून बर्फ उचलून उचलून बघायला लागली, मुशी म्हणजे त्यांच्यात किडा. उशी म्हणजे गाय. आजी म्हणजे मासा, दिसायला जरासा बांगड्यासारखा, तळून फार छान लागतो. पोराने पहिलीत असताना फोनवर माझ्या आईला सांगितलं की आज शाळेत तळलेली आजी खाल्ली. आई तेव्हा होती, गावभर सांगत सुटलेली.

पानाची गंमत वेगळी. तिकडे पान म्हणजे ब्रेड. आपलं पान आलं पर्णावरून, त्यांचं आलं पोर्तुगीजांकडून. पोर्तुगीजांनी १५१० ला गोवा घेतलं आणि १५४३ ला ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले, ब्रेडचा शब्द दोन्हीकडे ठेवून गेले. म्हणजे त्यांच्या पानाचा सख्खा भाऊ म्हणजे आपला पाव, आणि आपलं पान त्याचं कोणीच नाही. रोज सकाळी ब्रेड खाताना मला हे आठवतं, बायकोला सांगून झालंय, ती आता ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ‘आई’ म्हणजे त्यांच्यात प्रेम. शाळेच्या फाटकाशी पोरगा बायकोला ‘आई’ म्हणायचा तेव्हा बाकीच्या आयांना कोण कौतुक. आणि ‘बाबा’ म्हणजे म्हातारी, तेही काही मानाने नाही. एकदा मी ऑफिसमधून लवकर सुटून त्याला आणायला गेलो, दाढी वाढलेली, हा लांबून ‘बाबाऽऽ’ करून ओरडला आणि अख्खी पोरं हसायला लागली. पोरंच ती. पण तिकडे पत्त्यांचा एक डाव आहे, बाबानुकी. जोकर म्हणजे बाबा, आणि शेवटी बाबा ज्याच्या हातात उरतो तो हरला. पुढे महिनाभर माझ्या पोराला तेच चिडवणं. एका रात्री जेवताना त्याने विचारलं, तुला पापा म्हटलं तर चालेल? मी म्हटलं चालेल. काय म्हणणार.

मग मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचत बसायचो. याकोबसन नावाचा एक भाषाशास्त्रज्ञ सांगून गेलाय की ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून मा, पा, बा हेच सोपे आवाज येतात, अर्थ आपण मोठी माणसं चिकटवतो. जॉर्जियात मामा म्हणजे बाप. जपानीत आईला ‘हाहा’ म्हणतात आणि त्या ‘ह’चा फार पूर्वी ‘प’ होता, म्हणजे कोणे एके काळी तिकडे पापा म्हणजे आई. झालं ना, पापा होऊनसुद्धा माझी सुटका नाहीच.

यापेक्षा मोठी चूक वेगळी. त्याच्या बाई म्हणाल्या, घरीसुद्धा जपानीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल. आम्ही दोन वर्षं इमानदारीत ऐकलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं आणि तरीही त्यांचा राग गेला नाही. आता पोराला मराठी कळते सगळी, उत्तर जपानीत येतं. तुम्हाला कोणी असं सांगितलं तर मान हलवा आणि घरी या.

एकटेपणाचं विचारलंत. वाटतं, पहिली दोन वर्षं, मग सवय होते. पुढे.

नाही, एक सांगतोच. आई गेली त्याला चार वर्षं झाली. भाऊ ठाण्याला, मी तिकडे, बाबा इथे एकटे. दर सुट्टीत मी भावाला म्हणतो, मे महिन्यात तू ने, तो म्हणतो दिवाळीनंतर तू ने, आणि बाबा म्हणतात माका खय नेव नको. आम्ही दोघंही ते ऐकून मनातून सुटतो. त्या पत्त्यांच्या डावात पोरं असाच चेहरा करून बाबाचा पत्ता जरासा वर काढून धरतात, समोरच्याने ओढावा म्हणून.

तर पोराला न्या, नक्की न्या, फक्त शाळेच्या फाटकाशी त्याने तुम्हाला काय हाक मारायची ते विमानात बसायच्या आधी दोघांनी मिळून ठरवा. पापा ठरलं तरी चालेल, पण ठरवा. आमचं त्याच्या त्याच्यावर पडलं.

लाईट आली. बाबा आतून विचारतायत, तुझ्या झिलाक मुशी चलता मां? मी हो म्हटलंय. पोरगा माझ्याकडे बघतोय.