खांब काढून 16 फुटी दार, की 8-8 ची दोनच नवीन?

नमस्कार, तुमचं सगळं नीट वाचलं. ओहायोत कोलंबसजवळ घर, दोन गाड्यांचं गॅरेज, 8-8 फुटांची दोन जुनी दारं आणि मधे खांब, मिसेसच्या नवीन थ्री-रो, म्हणजे सीटच्या तीन रांगांच्या मोठ्या गाडीचा आरसा त्या खांबाला दोनदा घासला म्हणून आता खांबच काढून 16 फुटी एक दार करायचं, कोट 14,400 डॉलर आणि काँट्रॅक्टर म्हणतो 18 महिने बिनव्याजी. आहे त्याच मापाची दोन्ही दारं नवीन बसवली तर 3,900.

माझं मत 3,900 वाल्याला.

ते बिनव्याजी प्रकरण आधी बघा. तुम्ही पाठवलेल्या कागदावर बारीक अक्षरात डिफर्ड इंटरेस्ट लिहिलंय, म्हणजे 18 महिन्यांत पै न् पै फिटली तरच व्याज माफ, शेवटी शंभर डॉलर जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं आणि तुमचा दर 29 टक्के आहे. फेडायला महिना 800 लागतात, तुमचे सुटतात 600. बिलावरचा मिनिमम भरत राहिलं की सगळं ठीक चाललंय असं वाटतं, यात भलेभले फसलेत, मला खरंच काळजी वाटते याची.

बाजूला 21,000 आहेत खरे, पण घरात एकच पगार आणि खर्च महिना 5,500. 14,400 काढले तर सव्वा महिन्याचेच पैसे उरतात, 3,900 काढले तर तीन महिन्यांचे.

आता माप. आरशासकट गाडी 88 इंच म्हणता, 8 फूट म्हणजे 96, दोन्ही बाजूंना चार-चार इंच, रोज रिव्हर्स काढताना हे तंगच आहे, नाही म्हणत नाही. पण 16 फुटातही तुमच्या दोन्ही गाड्या मिळून 170 इंच झाल्या की 22 उरतात, डावीकडे, मधे आणि उजवीकडे वाटले तर सात-सात. साडेदहा हजार जास्त देऊन तीन इंच! शिवाय खांबावर वरचा भार असतो, तो काढला की नवीन मोठी तुळई आणि परमिट आलं, कोट फुगलाय तो त्यामुळेच. आणि जानेवारीच्या थंडीत दार उचलणारी स्प्रिंग तुटली की एका दारामागे दोन्ही गाड्या अडकणार.

आमच्याकडे पण 8 फुटीच दार होतं. गाडी बरोबर मधे उभी करून, काचेला टेकेल असा टेनिसचा चेंडू छतावरून दोरीने सोडला, आत शिरताना त्याच्यावर नजर ठेवली की गाडी सरळ जाते. तुमचे आरसे तर बटणाने मिटतात, मिटूनच आत-बाहेर करा.

तीन-चार वर्षांत घर विकायचंय म्हणून मोठं दार हा मुद्दाही मला पटला नाही. घर-दुरुस्तीवरच्या रिमॉडेलिंग या अमेरिकन मासिकाच्या 2024 च्या अहवालात गॅरेज डोअर बदलण्याचा खर्च 4,513 आणि विकताना परत मिळणारे 8,751 असं आहे, तो आकडा सगळे दाखवतात, पण तो जुनं दार काढून त्याच मापाचं नवीन लावण्याचा आहे, भिंत फोडण्याचा नाही.

ऑर्डर देण्याआधी फक्त रूफ बॉक्स, म्हणजे टपावरची सामानाची पेटी लावून गाडीची उंची मोजा. दार 7 फुटी म्हणजे 84 इंच, त्याच्या जवळ जात असेल तर बॉक्स ट्रिपपुरताच लावायचा.