झाटूला कमी लेखू नकोस

पोकेमॉन गेममधला नाटू २५ व्या लेव्हलला झाटू होतो, तोवर त्याला टीममध्ये सांभाळ. उडता येत नाही म्हणून टुणटुण उड्या मारत फिरणारं ते हिरवं पिल्लू पुढे तासन्‌तास सूर्याकडे टक लावून उभं राहतं, हा बदल मला अजूनही फार आवडतो.

पण पकडतानाच अ‍ॅबिलिटी (त्याची अंगभूत खास क्षमता) बघून घे. मॅजिक बाउन्सवालाच हवा, त्यासाठी थोडी जास्त मेहनत पडली तरी चालेल. समोरच्याने स्टेल्थ रॉक (मैदानात टोकदार दगड पेरणारी चाल), टॉक्सिक (विषबाधा करणारी) किंवा थंडर वेव्ह (लकवा आणणारी) टाकली की ती उलट त्याच्यावरच जाते. म्हणून झाटू आधीपासून मैदानात ठेवू नकोस. समोरचा आता दगड पेरणार असं वाटलं की त्याच क्षणी आत आण. अंदाज चुकून थेट हल्ला आला, तर मात्र त्याची तब्येत नाजूक आहे. वीज, बर्फ, दगड, भूत आणि डार्क, या पाचही प्रकारचे हल्ले त्याला झोंबतात. जमिनीचे हल्ले लागतच नाहीत, फायटिंगचे पाव पटच लागतात.

चालींमध्ये रूस्ट (तब्येत भरून काढणारी) आणि यू-टर्न (हल्ला करून जागी दुसऱ्याला आणणारी) ठेवच. आणि मोल्ड ब्रेकरवाल्यासमोर (ही समोरच्याची खास क्षमता निष्प्रभ करते) त्याला पाठवू नकोस, तिथे बाउन्स चालत नाही.