संगणक सल्ला : घरच्या संगणकावर चालतं, ऑनलाइन अडतं

प्रश्न : आमच्या सूतगिरणीचा विक्री अहवाल पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आकडे सर्व्हरवरच्या एक्सेल फाइलमधून येतात. सर्व्हर बदलल्यावर मी माझ्या संगणकावर नवा पत्ता भरला. तिथे अहवाल ताजा होतो, पण ऑनलाइन सकाळचं रिफ्रेश फेल व्हायचं. आता तर ते सुरूच होत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या संगणकावरची जोडणी आणि ऑनलाइन सेवेची जोडणी वेगळी असते. एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचत नाही.

आधी तुमच्या संगणकावरच्या पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये 'ट्रान्सफॉर्म डेटा'च्या बाणाखाली 'डेटा सोर्स सेटिंग्ज' उघडा. पत्ता 'झेड' ड्राइव्हने सुरू होतोय का? मग दुखणं तिथेच आहे. झेड ड्राइव्ह ही तुमच्या लॉगिनपुरती सोय असते. गेटवे, म्हणजे ऑनलाइन सेवेला तुमच्या सर्व्हरवरच्या फाइलपर्यंत पोचवणारा प्रोग्राम, विंडोजची सर्व्हिस म्हणून चालतो, त्याला तो ड्राइव्ह दिसतच नाही. 'चेंज सोर्स' दाबून पूर्ण पत्ता द्या : दोन उलट्या तिरप्या रेघा, सर्व्हरचं नाव, शेअर केलेलं फोल्डर, फाइल. त्या फाइलमधून आकडे आणणाऱ्या सगळ्या क्वेरींचा पत्ता एकदम बदलतो. मग अहवाल पुन्हा पब्लिश करा.

आता ऑनलाइन 'मॅनेज कनेक्शन्स अँड गेटवेज'मध्ये 'फाइल' प्रकारची नवी जोडणी करा. पत्ता डेस्कटॉपमधल्यासारखाच, अक्षर न् अक्षर. एकीकडे सर्व्हरचं नाव आणि दुसरीकडे आयपी क्रमांक असेल, तर आपल्याला ते एकच, पॉवर बीआयला दोन. युजरनेम डोमेनसकट लिहा आणि त्या खात्याला नव्या फोल्डरवर वाचण्याची परवानगी आहे ना, हे पाहा; सर्व्हर बदलताना हीच परवानगी हमखास राहून जाते. शेवटी सिमँटिक मॉडेलच्या (अहवालामागच्या डेटाच्या) सेटिंग्जमध्ये ही जोडणी निवडा.

रिफ्रेश सुरूच न होण्याचं कारण : लागोपाठ 4 वेळा फेल झालं की पॉवर बीआय वेळापत्रक बंद करतं. एकदा 'रिफ्रेश नाउ' करा, रिफ्रेश हिस्टरीत यश दिसू द्या, मगच वेळापत्रक चालू करा. गेटवे कुणाच्या लॅपटॉपवर असेल तर कृपया तो कायम चालू राहणाऱ्या संगणकावर हलवा. लॅपटॉप झोपला की सकाळचा अहवाल गेलाच.

प्रश्न : पॉवर बीआयमध्ये 'रक्कम' हा कॉलम सापडत नाही, अशी चूक येते. एक्सेल फाइल तर उघडते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जोडणी शाबूत आहे, एक्सेलमध्ये कुणीतरी शीर्षक बदललंय. नावापुढची एक मोकळी जागासुद्धा पुरते. पॉवर क्वेरी ('ट्रान्सफॉर्म डेटा' दाबल्यावर उघडणारा भाग) कॉलमचे प्रकार ठरवताना 'चेंज्ड टाइप' ही पायरी स्वतःच टाकते आणि त्यात जुनी नावं पक्की लिहून ठेवते. उजवीकडच्या पायऱ्या वरून एकेक दाबत या. पहिली चूक जिथे दिसेल तिच्या आधीच्या पायरीवर थांबा. तिथे नव्या नावाच्या कॉलमला जुनंच नाव देणारी 'रिनेम' पायरी घाला, म्हणजे पुढची सूत्रं आणि तक्ते हलत नाहीत. प्रत्येक सूत्रात नाव बदलत बसू नका, एखादं सुटतंच.