भाचीचा एमआरआय नॉर्मल आहे, तरी फिट येतात. आता फंक्शनल एमआरआय आणि पेट स्कॅनला बेंगळुरूला जा म्हणतात. खरंच गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: भाची १९ वर्षांची, निपाणीजवळच्या खेड्यात राहते. तीन वर्षं झाली, दोन वेगवेगळ्या गोळ्या पूर्ण डोसवर चालू आहेत. तरी महिन्यातून दोनतीनदा एक हात आखडतो, ती ओठ चाळवत बसते आणि मिनिटभर कुणाला ओळखत नाही. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलंय, मग आणखी मशिनी कशाला, हा नुसता पैशाचा धंदा तर नाही ना, असं तुम्हाला वाटतंय. घरात तिच्या लग्नाचंही बघताय.

मी डॉक्टर नाही. बेळगावात सोळा वर्षं ईईजी, म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूच्या विजेचा आलेख, काढते. 'एमआरआय नॉर्मल हाय म्हणे की वो, मग फिट कशाला येतोय?' हे आठवड्यातून चारदा तरी ऐकते.

एमआरआय म्हणजे वाड्याचा नकाशा. भिंत कुठे खचली, जुना व्रण कुठे आहे, टेपवर्माची गाठ आहे का, ते त्यात दिसतं. भांडण कुठल्या खोलीत चाललंय ते दिसत नाही.

मागे चिकोडीकडची आठ वर्षांची एक मुलगी आली होती. अभ्यासात लक्ष नाही म्हणून शाळेत बाकावर उभं करून झालं होतं. ईईजीत तीन मिनिटं जोरजोरात श्वास सोडायला लावतो. पोरं कंटाळतात, म्हणून मी हातात कागदाची भिंगरी देते. भिंगरी फिरत होती, फिरत होती आणि थांबली. पोरगी डोळे उघडे ठेवून समोर बघत राहिली. स्क्रीनवर सगळ्या वायरींत एकदमच टोक आणि लाट, टोक आणि लाट, सेकंदाला तीन या ठेक्यात. अकरा सेकंदांनी रेषा जागेवर आल्या आणि भिंगरी परत फिरायला लागली. मधे काही झालं हे तिला माहीतच नव्हतं. आई शेजारी बसलेली, तिलाही कळलं नाही. अशा मुलांचा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छच असतो.

मेंदूची वीज कवटीवरून टिपायची ही युक्ती १९२४ सालची, जर्मनीतल्या हान्स बर्गर यांची. ती अजून टिकून आहे, कारण सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात काय झालं ते तिला कळतं. पण हाडाच्या बाहेरून ऐकायचं म्हटल्यावर खोलवरचं नीट ऐकू येत नाही. आणि अर्ध्या तासाच्या ईईजीत नेमकं तेव्हाच काही घडेल याची खात्री नाही. (त्यात आजी डोक्याला चपचपीत तेल लावून पाठवते. मग वायर चिकटत नाही, आणि माझा अर्धा तास केस पुसण्यात जातो.)

तुमच्या भाचीची लक्षणं, ओठ चाळवणं, ओळख नसणं, ही बऱ्याचदा कानाच्या आतल्या बाजूच्या टेम्पोरल भागातून येतात. तो भाग खोल आहे. म्हणून बेंगळुरूला जाण्याआधी एक विचारून घ्या: झालेला एमआरआय साधा होता की एपिलेप्सी (फिटचा आजार) प्रोटोकॉलचा? साध्या तपासणीत काप जाड असतात. तिथल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या बोटाएवढ्या भागाला वण पडला असेल, तर तो दोन कापांच्या मधे निसटू शकतो. प्रोटोकॉलमध्ये एक मिलिमीटरचे काप घेतात, शक्यतो ३ टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या, मशीनवर. 'नॉर्मल' लिहून आलेला स्कॅन फिटच्या जाणकाराने परत बघितला आणि वण सापडला, असं होतं. म्हणून नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडी आणि फिल्म न्या.

आता फंक्शनल एमआरआय. मशीन तेच असतं, फक्त बघायची गोष्ट वेगळी. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त वळतं, आणि प्राणवायू घेतलेलं रक्त चुंबकाला वेगळं दिसतं. सेइजी ओगावा यांनी हे १९९० मध्ये दाखवलं. कालव्याखाली शेती असणाऱ्यांना पटकन कळेल: पाटाचं पाणी कुठल्या वाफ्यात वळलं ते लांबून बघायचं आणि दारं कुणी धरलंय ते ओळखायचं. अडचणही तीच. पाणी उशिरा पोचतं. रक्ताचा जोर चढायला चारपाच सेकंद लागतात, आणि फिट तोवर कुठल्या कुठे पसरलेली असू शकते. म्हणून काही ठिकाणी मशीनच्या आतच ईईजी लावून दोन्ही एकदम काढतात. ईईजीत टोक कधी आलं ती वेळ धरायची आणि त्यानंतर रक्त कुठे वळलं ते शोधायचं. ऐकायला छान, पण तेवढ्या वेळात एकही टोक आलं नाही तर हाती काही लागत नाही. फिटची जागा शोधायला मी या तपासणीवर एकटीवर भिस्त ठेवणार नाही.

ती खरी उपयोगी पडते दुसऱ्या कामाला: बोलण्याची जागा कुठली, हाताची कुठली, हे मेंदूच्या ऑपरेशनआधी ठरवायला. पूर्वी त्यासाठी मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या धमनीतून औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटं झोपवायचे आणि पेशंटला बोलायला लावायचे. त्याला वाडा नावाच्या डॉक्टरांवरून वाडा टेस्ट म्हणतात. ती आता बरीच कमी झाली.

आपल्या भागातल्या माणसांनी इथे एक गोष्ट आठवणीने सांगायची. मशीनमध्ये तिला मनातल्या मनात शब्द आठवायला लावतील, 'क'पासून सुरू होणारे, किंवा चित्र दाखवून नाव. घरात मराठी, शाळेत कन्नड, मोबाईलवर हिंदी, असं आपल्याकडच्या पोरांचं असतं. पटकन कुठल्या भाषेत सुचतं ते आधीच सांगा. अवघड जाणाऱ्या भाषेत काम दिलं तर पोरगी नुसती गप्प पडून राहील आणि चित्र फिकं येईल. मी इथे 'डोळे मिटा, कण्णु मुच्चरी' असं दोन्हीत म्हणून टाकते. तिथे ते तुम्हालाच सांगावं लागेल. आणि डोकं अजिबात हलवायचं नाही. दोनतीन मिलिमीटर हललं तरी सगळं वाया.

पेटमध्ये किंचित किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. इथे लोक गोंधळतात. फिट नसताना दोषी भाग पेटून दिसत नाही, उलट तोच थंड दिसतो, कारण तो साखर कमी खातो. स्पेक्ट हा रक्त कुठे वळलं ते दाखवणारा आणखी एक स्कॅन, त्यात फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन द्यायचं असतं. औषध त्या क्षणीच्या रक्ताबरोबर जाऊन तिथेच अडकतं, फोटो नंतर सावकाश काढला तरी चालतो. त्यासाठी व्हिडिओ ईईजीला (ईईजी आणि व्हिडिओ एकदम चालू ठेवतात) अॅडमिट व्हावं लागतं, आणि तिथे डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या कमी करतात. 'तपासणी आहे म्हणून' घरूनच गोळी बंद करून जाऊ नका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूच्या सरकारी दवाखान्यात एमईजी पण आहे, त्यात मेंदूच्या विजेचं चुंबकत्व मोजतात.

मग गरज आहे का? गोळीवर फिट थांबली असती तर मीच म्हटलं असतं, घरी बसा. पण दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट चालूच असेल, तर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. तिघांतल्या साधारण एकाचं असं होतं. तिथून पुढे तिसरी, चौथी गोळी लागू पडायची आशा कमी होत जाते, आणि ऑपरेशनचा विचार करणं रास्त असतं. वरच्या सगळ्या मशिनी एवढ्याच प्रश्नासाठी आहेत: सुरुवात कुठून होते, आणि तो तुकडा बोलणं-आठवण न बिघडवता काढता येईल का. तुमच्या जागी मी असते तर गेले असते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसलं की सकाळी बेंगळुरू. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन या, कुणी नको म्हणत नाही, पण गोळी चुकवू नका.

लग्नाचं म्हणाल तर, हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकलाय. लपवून लग्न लावू नका, पोरगी सासरी चोरून गोळ्या खाईल नाहीतर सोडूनच देईल. आणि व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला, गर्भाला ते सोसत नाही. तेही स्वतःहून बंद करायचं नाही.

जाण्याआधी मोबाईलवर फिटचा व्हिडिओ काढून ठेवा. पांघरूण बाजूला करा, तोंड आणि दोन्ही हात दिसू देत, नावाने हाक मारा, उत्तर देते का ते रेकॉर्ड होऊ दे. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा नको, कुशीवर वळवा. पाच मिनिटांच्या वर गेली तर व्हिडिओ सोडून दवाखाना गाठा. तुमच्या प्रश्नात 'एक हात आखडतो' एवढंच आहे, कुठला ते नाही. तिथे गेल्यावर पहिल्यांदा तेच विचारतील.