कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेऊन गेलेले वेळेवर परतले नाहीत, तर किती वेळ वाट पाहून मदत बोलवावी?

वाट पाहूच नये. सांगितलेली वेळ टळली, फोन लागत नाही आणि माणसं नजरेला पडत नाहीत, एवढं पुरे. 112 या आपत्कालीन नंबरला फोन लावा.

माझं घर मालवणजवळ देवबागला आहे, पर्यटक राहायला असतात. एका डिसेंबरात एक जोडपं दोघांचं कयाक घेऊन कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमाकडे गेलं, साडेचारला येतो म्हणालं. ओहोटी लागली होती. नदीचं पाणी तेव्हा मुखातून जोरात बाहेर समुद्राकडे ओढतं, आणि दुपारचा वारा समुद्रावरून आत येतो. दोन्ही समोरासमोर आले की मुखावर लाटा उभ्या राहून फुटतात. आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. पाच वाजले तरी दोघांचा पत्ता नाही. काका म्हणाले, "येतले गो. फोटो काढीत बसली आसतली. पोलिसांका सांगान उगाच बोभाटो कित्याक?"

मी 112 लावला आणि शेजाऱ्यांना फायबरची होडी काढायला लावली. दोघं मुखाबाहेर सापडली, उलटलेल्या कयाकला धरून. लाइफ जॅकेट होती म्हणून तरंगत होती, पण त्या बाईच्या हातांत जोर उरला नव्हता. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत काळोख झाला. त्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. त्यानंतर लाटांमध्ये माणसाचं डोकं कसं शोधणार?

काकांचं म्हणणं आजही तेच, की होडी गेलीच असती, पोलीस कशाला, गावाचं नाव खराब झालं. मला हे अजिबात मान्य नाही. ओढ ताशी दोन किलोमीटर धरली तरी अर्ध्या तासात माणूस किलोमीटरभर लांब जातो. कुठल्या दिशेला गेला ते माहीत नसेल, तर वेळ दुप्पट झाला की शोधायचा पट्टा चौपट होतो. एक होडी तिथे कुठे पुरी पडणार? गावाचं नाव फोनमुळे जात नाही, माणूस बुडाला की जातं.

माणसं समुद्रात गेली असतील तर तटरक्षक दलाचा 1554 नंबर आहे, पण त्यांची बोट यायला वेळ लागतो, म्हणून जवळच्या मच्छीमारांनाही त्याच वेळी सांगा. कयाकचा आणि जॅकेटचा रंग, शेवटचं कुठे आणि किती वाजता पाहिलं, हे आधी सांगायचं.

हे सगळं उशीर झालेल्यांबद्दल. डोळ्यांसमोर कोणी गटांगळ्या खात असेल, किंवा स्नॉर्केलिंग करणारा दिसेनासा झाला, तर घड्याळ बघू नका, लगेच ओरडा. पोहता येत असलं तरी उडी मारू नका, दोरी किंवा रिकामा कॅन फेका.

माणसं आपणहून परतली तर पुन्हा फोन करून शोध थांबवायला सांगा. कोणी रागावत नाही. त्या संध्याकाळी आलेले हवालदार काकांनाच म्हणाले होते, "लवकर कळवलंत, बरं केलंत."