ब्लेंडरमध्ये धुकं आणि प्रकाशाचे झोत एकाच दृश्यात कसे आणायचे?

तुम्ही लिहिलंय की नदीकाठच्या देवळाचं पहाटेचं दृश्य ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्समध्ये, म्हणजे अंतिम चित्र (रेंडर) काढणाऱ्या इंजिनात करताय. धुकं दाट केलं की उन्हाचे झोत दिसेनासे होतात आणि सूर्याची स्ट्रेंग्थ वाढवली की सगळी फ्रेम दुधाळ होते. आधी स्ट्रेंग्थ वाढवणं थांबवा. झोत डोळ्यांना दिसतो तो त्याला लागून असलेल्या सावलीमुळे. धुक्यात सगळीकडेच ऊन पोहोचत असेल तर कितीही प्रकाश ओतला तरी पांढरा पडदाच मिळणार.

मी नाशिकमध्ये इमारतींचे रेंडर करतो. गोदाघाटाचं एक दृश्य असंच अडलं होतं, म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी रामकुंडासमोर जाऊन उभा राहिलो. जुन्या नाशिकच्या काठावरून पंचवटीकडे बघत होतो. सूर्य देवळांच्या मागून वर येत होता, पाण्यावर धुकं होतं आणि शिखरांमधल्या मोकळ्या जागेतून झोत अगदी रेखीव उतरत होते. मग पूल ओलांडून पलीकडे गेलो आणि सूर्याकडे पाठ करून नदीकडे पाहिलं. धुकं तेच, ऊन तेच, पण झोत जवळजवळ गायब! धुक्याचे थेंब प्रकाश बहुतेक पुढच्याच दिशेला फेकतात, मागे फार थोडा येतो. ब्लेंडरमध्ये हेच काम धुक्याच्या शेडरमधली (पदार्थाचं रूप ठरवणाऱ्या सेटिंगमधली) अ‍ॅनिसोट्रॉपी करते. ती मुळात 0 असते, म्हणजे चहूकडे सारखा प्रकाश. ती 0.6 ते 0.8 करा आणि कॅमेरा सूर्याच्या दिशेला वळवा. माझं अर्धं काम तेवढ्यानेच झालं होतं.

आता डेन्सिटी, म्हणजे धुक्याची दाटी. ती अंदाजाने ठरवू नका, कारण हिशेब सोपा आहे. प्रकाश अंतराप्रमाणे घातांकी पद्धतीने कमी होतो. डेन्सिटी 0.02 असेल तर 50 मीटरवरून फक्त 37 टक्के प्रकाश आपल्यापर्यंत येतो, 0.1 केली तर तेवढी घट 10 मीटरमध्येच होते. देऊळ 60 मीटरवर असून ते अर्धंमुर्धं दिसायला हवं असेल तर 0.7 ला 60 ने भागा (डेन्सिटी गुणिले अंतर 0.7 आलं की निम्मा प्रकाश उरतो), म्हणजे साधारण 0.012. मॉडेल खऱ्या मापाचं नसेल तर हा आकडा निरुपयोगी ठरतो, तेव्हा आधी स्केल तपासा. प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम या धुकं-धुराच्या शेडरचा रंगही मुळात मधला राखाडी असतो, म्हणजे निम्मा प्रकाश गिळला जातो. तो धुराला शोभेल. पाण्याचे थेंब प्रकाश जवळपास गिळतच नाहीत, म्हणून रंग पांढऱ्याच्या जवळ न्या.

व्हॉल्यूम (म्हणजे हे धुकं) वर्ल्डला, म्हणजे दृश्याच्या सगळ्या पार्श्वभूमीला लावलं असेल तर काढून टाका. तिथे ते अमर्याद पसरतं आणि सन लॅम्पचा, म्हणजे ब्लेंडरमधल्या सूर्याचा प्रकाश दृश्यापर्यंत पोहोचतच नाही. त्याऐवजी दृश्याभोवती एक क्यूब घ्या, पण सूर्याच्या बाजूला तो उगाच लांब ठेवू नका. सकाळचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे क्यूबमधून जाता जाताच ते अशक्त होतं.

धुकं आणि झोत यांच्यासाठी दोन वेगळी व्हॉल्यूम करण्याची गरज नाही. हवा एकच आहे. एकाच शेडरमध्ये सगळीकडे पातळ थर ठेवा आणि त्यात पाण्यालगतचा दाट थर मिळवा: उंचीप्रमाणे विरळ होत जाणारा, मोठ्या स्केलच्या नॉइजने (अनियमित नक्षीच्या टेक्श्चरने) थोडा तुटक केलेला. वरच्या पातळ हवेत झोत उमटतात, खालचा थर धुकं वाटतो. त्यावर कंपोझिटिंगमध्ये (रेंडरनंतर चित्राचे थर जुळवताना) मिस्ट पासही, म्हणजे अंतराप्रमाणे फिकट होणारा धुक्याचा थरही चढवत असाल तर तेच धुकं दोनदा मोजलं जातंय. दुधाळपणाचं हे फार नेहमीचं कारण आहे. मिस्ट फक्त क्यूबच्या बाहेरच्या डोंगरांसाठी ठेवा.

सावल्यांवर मात्र मनापासून मेहनत घ्या. सूर्य आणि कॅमेरा यांच्यामध्ये पिंपळाची फांदी, शिखर, घाटावरची छत्री असं काहीतरी येऊ द्या. फ्रेमबाहेर भोकं पाडलेली एखादी प्लेन (सपाट पत्रा) उभी केली तरी चालतं, मी सर्रास करतो. आणि झोतामागे काळोख हवा. नारोशंकराच्या देवळाच्या काळ्या दगडावर जो झोत उठून दिसतो तोच उजळ आभाळावर विरून जातो. सन लॅम्पचा अँगल 0.526 अंशांच्या आसपासच राहू द्या, वाढवला की कडा पुसट होतात.

व्हॉल्यूम बाउन्सेस, म्हणजे धुक्यात प्रकाश किती वेळा पुन्हा उसळतो तो आकडा, मुळात 0 असतात. झोत त्यात छान येतात, पण दाट थर मळकट दिसतो, कारण खऱ्या धुक्यात प्रकाश थेंबाथेंबांवर पुन्हा पुन्हा आपटत असतो. 2 ते 4 करून पाहा. रेंडरला वेळ जास्त लागेल. शिवाय व्हॉल्यूम डायरेक्ट आणि इनडायरेक्ट हे पास (धुक्यातला प्रकाश वेगळा साठवणारे थर) सुरू ठेवा. झोत कमीजास्त करायचे झाले तर पुन्हा रेंडर न करता कंपोझिटिंगमध्येच जमतं.

आज रात्री फक्त अ‍ॅनिसोट्रॉपी, कॅमेऱ्याची दिशा आणि क्यूब एवढंच बदलून छोटा टेस्ट रेंडर काढा. तरी झोत दिसले नाहीत तर चित्र टाका, सूर्य कुठे ठेवलाय तेही सांगा, बघून सांगतो.