दुसरा सर्व्हर चांगला होता, मग तोही का बंद पडला?

प्रश्न : नमस्कार सर, आमचं अंबड एमआयडीसीत छोटं मशीनिंगचं युनिट आहे. ऑफिसात प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेले दोन सर्व्हर क्लस्टरमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडून, आहेत, त्यावर टॅली, ईआरपी आणि फाइल सर्व्हर अशा तीन व्हीएम (आभासी कॉम्प्युटर) चालतात, तिन्हींना एचए (हाय अव्हेलेबिलिटी, एक सर्व्हर पडला तर व्हीएम दुसऱ्यावर चालू करणारी सोय) लावलंय. मागच्या आठवड्यात वळवाच्या पावसात लाईट गेली-आली आणि पहिल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला. वाटलं दुसरा सगळं उचलेल, पण एखाद मिनिटात तोही आपोआप रिस्टार्ट झाला आणि वर आल्यावर एकही व्हीएम चालू होईना. माल भरलेली गाडी गेटवर उभी आणि बिल निघेना. मालक म्हणतात एकच सर्व्हर ठेवला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्यातही फॉल्ट आहे का?
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : दुसऱ्या सर्व्हरमध्ये फॉल्ट नाही, हे आधी सांगतो, म्हणजे तुम्ही त्याचा मदरबोर्ड वगैरे बदलायला जाणार नाही. त्याने जे केलं ते त्याला नेमून दिलेलंच काम होतं, चूक दोनच सर्व्हरच्या मांडणीत आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आठवा, गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब. क्लस्टरमध्येही प्रत्येक सर्व्हरला एक मत असतं आणि काहीही ठरवायचं तर एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त हजर लागतात, त्याला कोरम म्हणतात. तुमच्याकडे मतं दोन, म्हणजे निम्म्याहून जास्त म्हणजे दोन्ही! एक गेला की उरलेल्याच्या हातात एकच मत, आणि सोसायटीत अर्ध्या तासाने गणपूर्तीशिवाय सभा घेता येते तशी सोय इथे आपोआप होत नाही.

हे इतकं कडक का ठेवलंय ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच चिडतात आणि एचएच काढून टाकतात. उरलेल्या सर्व्हरला कळायला मार्गच नसतो की समोरचा मेलाय की फक्त मधली केबल निघालीये, दोन्ही वेळा त्याला एवढंच दिसतं की समोरून उत्तर येत नाही. समजा केबलच निघाली असती आणि दोघांनीही टॅलीची व्हीएम चालू केली असती, तर स्टोरेज शेअर्ड असेल तर दोघं एकाच डिस्कवर लिहून डेटा खराब करणार, आणि वेगवेगळं असेल तर अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे, आणि ती जुळवत बसणं हे दोन तास बंद राहण्यापेक्षा किती वाईट हे अकाउंटवाल्या ताईंना विचारा. म्हणून एचएच्या व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरचा कोरम गेला की वॉचडॉग (सर्व्हरवर नजर ठेवणारा टायमर) साधारण ६० सेकंदांत त्याला रिसेट मारतो. तुमचं ते एखाद मिनिट म्हणजे हेच, याला फेन्सिंग म्हणतात. वर आल्यावरही मत एकच, म्हणून व्हीएम चालू झाल्या नाहीत.

आता उपाय. तिसरं मत आणा. त्यासाठी तिसरा मोठा सर्व्हर लागत नाही, डेबियन लिनक्स टाकलेला जुना छोटा पीसी किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पुरतो, त्यावर क्यूडिव्हाइसची, म्हणजे फक्त मत देणारी, सेवा चालवायची. मग मतं तीन, लागतात दोन, एक सर्व्हर गेला तरी दुसरा आणि हा छोटा मिळून कोरम होतो. फक्त हे मशीन त्याच क्लस्टरवरची व्हीएम म्हणून करू नका, सर्व्हर पडला की मतही त्याच्याबरोबर जाईल. आणि त्याला आणि नेटवर्क स्विचला यूपीएसवर घ्या, नाहीतर लाईट गेली की दोन सर्व्हर चालू आणि मधला स्विच बंद, परत तेच.

त्या दिवशी हाताने करता येण्यासारखं एक होतं, 'पीव्हीईसीएम एक्सपेक्टेड १' (pvecm expected 1) ही कमांड. तिने उरलेल्याला एका मतावर चालायची परवानगी मिळते. पण बंद पडलेल्या सर्व्हरची पॉवर केबल स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय ती कधीच देऊ नका, फोनवर कोणी कितीही घाई केली तरी.

तुम्ही स्टोरेजबद्दल काहीच लिहिलं नाहीये आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. व्हीएमची डिस्क फक्त पहिल्या सर्व्हरच्या आतच असेल तर कोरम असूनही दुसरा काही उचलू शकणार नाही. झेडएफएस रेप्लिकेशन लावलं तर कॉपी दुसरीकडे जात राहते, पण मुळात ती दर १५ मिनिटांनी जाते, म्हणजे सर्व्हर पडला तर शेवटच्या सिंकनंतरची बिलं गेली. टॅलीसाठी ते १ मिनिटावर आणा. आणि मालकांना आधीच सांगून ठेवा की एचए म्हणजे काम न थांबता चालू राहणं नाही, व्हीएम दुसरीकडे नव्याने बूट होते, आधीची दोन-तीन मिनिटं तरी जातातच.

प्रश्न : आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात ६४ जीबी रॅम, प्रत्येकी साधारण ५० वापरात. कोरमचा प्रश्न नाही, मग आम्ही निर्धास्त ना?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : नाही हो. ५० त्रिक १५०, आणि एक गेल्यावर उरतात ६४ दुणे १२८, त्यातही प्रॉक्समॉक्सला स्वतःला रॅम लागते, सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक स्टोरेज करणारी सिस्टीम) असेल तर आणखीच. पडलेल्याच्या व्हीएम बाकी दोघांवर आल्या की काही चालूच होणार नाहीत किंवा रॅम संपून चालू असलेल्याही मरतील. रॅम वाढवा, नाहीतर टेस्टिंगच्या आणि क्वचित लागणाऱ्या व्हीएम एचएमधून काढा आणि उरलेल्यांची बेरीज दोन सर्व्हरमध्ये बसते का ते कागदावर मांडा. बसली की सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन आणि तो रिस्टोअर होतो का हे पाहून, एका सर्व्हरची केबल खरोखर उपटा आणि घड्याळ लावून बसा. आणि हो, कोरोसिंकला (सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती सेवा) वेगळी केबल द्या, रात्रीचा बॅकअप त्याच लाईनवरून गेला आणि लाईन भरली की सर्व्हर एकमेकांना हरवतात आणि काहीही बिघडलेलं नसताना रिस्टार्ट होतात.